पाणी आहे, पाणथळ नाही

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २६ सप्टेंबर २०१७ रोजी पाणथळ जागांसाठी नवे नियम काढले. त्यातली पाणथळीची व्याख्या सुरुवातीला मोठी उदार आहे. जागा नैसर्गिक असो की कृत्रिम, कायमची असो की तात्पुरती, पाणी वाहतं असो की साचलेलं, गोडं असो की खारं, सगळं तिच्यात बसतं. मग येतो ‘परंतु’. नदीचं पात्र वगळा. भातखाचरं वगळा. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळा. मत्स्यशेती, मिठागर, करमणूक आणि सिंचन यांसाठी बांधलेल्या रचनाही वगळा.

उजनी धरण सिंचनासाठी बांधलं. म्हणजे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या काठाला लागलेलं, क्षितिजापर्यंत पसरलेलं पाणी या नियमांच्या हिशेबी पाणथळ नाही. डिसेंबरनंतर तिथे हजारोंनी उतरणारे रोहित (फ्लेमिंगो), हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चमचे, मोरशराटी, थापटे, चक्रवाक ही सगळी मंडळी कायद्याने ज्याला पाणथळ मानलेलं नाही अशा जागी हिवाळा काढतात. भादलवाडीचा जुना तलावही सिंचनाचाच. त्यातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात, कारण झाडांभोवती पाणी असलं की जमिनीवरून येणारा शत्रू पिलांपर्यंत पोचत नाही. तोही वगळला गेला.

या एका ‘परंतु’वर इंदापूर आणि बारामती तालुक्यात एकही सभा झाल्याचं मला आठवत नाही. पाण्यासाठी भांडायला आपण कमी पडतो असं कुणी म्हणू नये. २०२१मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला, आदेश रद्द झाला, आणि मग इकडे संताप उसळला. पाणी कुणाला किती, यावर आपण रस्त्यावर उतरतो. पाणी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, हा प्रश्न आपण दिल्लीच्या एखाद्या कक्षात सोडून देतो.

याच प्रश्नावर अमेरिका गेली काही वर्षं उघड भांडते आहे. आपल्याकडे तिथल्या न्यायालयाची बातमी येते ती व्हिसाची किंवा आयातशुल्काची, कारण पोरं तिकडे आहेत आणि माल तिकडे जातो. पाणथळीच्या खटल्याची बातमी माझ्या वाचनात आली नाही. भिगवणकरांनी वाचावा असा खटला मात्र तोच आहे.

आयडाहो राज्यात प्रीस्ट लेक नावाचं सरोवर आहे. सॅकेट नावाच्या दांपत्याने २००४मध्ये त्याच्याजवळ घरासाठी जागा घेतली आणि बांधकामासाठी भराव टाकायला सुरुवात केली. केंद्रीय पर्यावरण संस्थेने त्यांना थांबवलं. ही जागा पाणथळ आहे, भराव काढा, नाहीतर दिवसाला चाळीस हजार डॉलरांहून जास्त दंड, असा आदेश दिला. खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ मे २०२३ रोजी निकाल लागला. सॅकेट जिंकले याबद्दल नऊही न्यायमूर्तींचं एकमत होतं. भांडण झालं ते कसोटीवर, आणि ती पाच विरुद्ध चार अशी ठरली. बहुमताने सांगितलं की १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याचं संरक्षण ज्या पाणथळीचं पाणी पृष्ठभागावरून नदीला किंवा सरोवराला सलग जोडलेलं आहे तिलाच मिळेल. मध्ये बांध आला, रस्ता आला की जोड तुटला. निकालाशी सहमत असूनही न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी या कसोटीला विरोध केला. मिसिसिपीच्या काठच्या पाणथळी पूर रोखणाऱ्या बांधांमुळेच नदीपासून वेगळ्या दिसतात, त्या सगळ्या उघड्या पडतील, हे त्यांनी लिहून ठेवलं.

निकाल मला चुकीचा वाटतो. पाणी जमिनीखालूनही जातं, आणि माती कापून बघितली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ओलावा एकच असतो. डिकसळच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाणलोटाच्या कडेला त्याची विहीर कधी भरते आणि कधी खाली जाते, ते त्याला पाठ असतं.

तरीही त्या खटल्याकडे बघून मला आपली लाज वाटते. तिथे व्याख्या आकसली ती भर न्यायालयात. दोन्ही बाजूंनी तासन्‌तास युक्तिवाद झाले. कोणता न्यायमूर्ती कोणत्या मताच्या बाजूने, ते नावानिशी नोंदलं गेलं. कुणी काय आणि का वगळलं, हे कुणालाही वाचता येतं. आपल्याकडे काय झालं? २०१०च्या नियमांत जलाशय, तलाव, मानवनिर्मित पाणथळी यांचा स्पष्ट उल्लेख होता, आणि पाचशे हेक्टरांहून मोठ्या पाणथळींसाठी वेगळी तरतूद होती. उजनीचा फुगवटा या मापात अनेकदा बसेल. सात वर्षांनी नवे नियम आले आणि ‘जलाशय’ हा शब्द आत होता तो बाहेर गेला. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. त्याखाली नियम करायचे मंत्रालयाने. ते संसदेच्या पटलावर ठेवले जातात खरे, पण पटलावर ठेवणं म्हणजे चर्चा नव्हे. आपल्या खासदाराने यावर कधी तोंड उघडलं का, हे प्रत्येक मतदाराने आपापल्या खासदाराला विचारावं.

कायद्यातल्या शब्दाचा अर्थ कुणी लावायचा, हा अमेरिकेतला आणखी एक मोठा वाद. गंमत म्हणजे तो मासेमारांच्या खटल्यातून निर्णयाला आला. न्यू जर्सीच्या केप मे बंदरातले हेरिंग पकडणारे मच्छीमार कोर्टात गेले. बोटीवर सरकारी निरीक्षक घ्यायचा आणि त्याचा खर्चही बोटमालकाने द्यायचा, असा नियम मत्स्य खात्याने काढला होता. कायद्यात खर्चाचं कुठे लिहिलंय, असा मच्छीमारांचा सवाल होता. १९८४पासून तिथे एक पायंडा होता, शेव्हरॉन खटल्यातला. कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करायचा. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा चाळीस वर्षांचा पायंडा मोडला. अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम, खात्याचं नव्हे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांनी लिहिलं. न्यायमूर्ती केगन यांनी त्याला कडाडून विरोध केला. हवा, पाणी, औषधं यांतलं शास्त्र जाणणाऱ्यांच्या हातातून निर्णय काढून तो न जाणणाऱ्यांच्या हाती दिला, असा त्यांचा आक्षेप.

मला केगन यांचं म्हणणं पटतं. पाण्यात किती प्राणवायू असला तर मासा जगतो, हे न्यायमूर्तीने ठरवू नये. पण केप मेच्या मच्छीमारांचा सवाल अजिबात उडवून लावण्यासारखा नाही. खात्याने काढलेला नियम माझ्या बोटीवर लागू होतो, तर तो काढताना मला कुणी विचारलं होतं का? हा सवाल भिगवणच्या मासळी बाजारात तितकाच खरा आहे. उजनीवर जाळं टाकणारे, चिलापी, रोहू, कटला, वाम घेऊन पहाटे लिलावाला येणारे हजारो लोक आहेत. त्यांच्या पाण्याला काय म्हणायचं, हे ठरवताना त्यांना कुणीही विचारलं नाही.

आपलं सर्वोच्च न्यायालय या बाबतीत गप्प बसलेलं नाही, हे सांगायला हवं. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे नवे नियम यायच्या आधी, न्यायालयाने आदेश दिला होता. राष्ट्रीय पाणथळ नकाशात नोंदलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१०च्या नियमांतल्या नियम ४ची, म्हणजे बंधनांची, तत्त्वं लागू राहतील, असं त्यात होतं. हा नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेला. त्यात धरणांचे जलाशयही मोजलेले होते. ऑक्टोबर २०१७मध्ये, नवे नियम आल्यानंतर, न्यायालयाने तेच पुन्हा सांगितलं. पुढे नकाशा सुधारला आणि आकडा २,३१,१९५वर गेला. ११ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने राज्यांना बजावलं, या सगळ्या पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी करा, सीमा आखा, तीन महिन्यांत.

म्हणजे न्यायालयाची यादी एक सांगते आणि मंत्रालयाची व्याख्या दुसरं. यादीत जलाशय आहेत, व्याख्येत सिंचनाचे जलाशय नाहीत. उद्या कुणी पळसदेवच्या काठावर भराव टाकला, तर तहसीलदाराने कोणता कागद पुढे करायचा? अधिकाऱ्याला दोन कागद दिले की तो नेहमी सोयीचा उचलतो. पडताळणीला आलेला कर्मचारी ‘मानवनिर्मित, सिंचन’ असा शेरा मारून निघून गेला तर भिगवणचं पाणी न्यायालयाच्या यादीतूनही गळेल. ही शक्यता मला रात्री झोपू देत नाही, कारण तो शेरा मारायला अर्धं मिनिट लागतं आणि तो पुसायला वर्षं जातात.

हे पाणी मुळात कसं आहे, ते नीट बघू. उजनी धरण भीमेवर, माढा तालुक्यात. १९८०मध्ये ते पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. पूर्ण भरलं की ११७ टीएमसी, आणि यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचा. मृत हा शब्द धरणाच्या हिशेबातला आहे. पक्ष्यांचा, माशांचा आणि उपसा पंपांचा उन्हाळा याच साठ्यावर जातो. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. अशा वर्षी पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात.

रोहित खोल पाण्यात चरत नाही. त्याला उथळ, चिखलाचं, शेवाळ आणि बारीक किडे असलेलं पाणी लागतं. ते तयार होतं पातळी हळूहळू उतरत गेल्यावर. म्हणून ज्या वर्षी धरण तुडुंब भरतं आणि पाणी उशिरा उतरतं, त्या वर्षी कुंभारगावचे नावाडी आकाशाकडे बघत बसतात आणि रोहित उशिरा येतात. पातळी कधी किती उतरणार हे ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. त्या बैठकीत ऊस असतो, सोलापूर शहराचं पिणं असतं, पंढरपूरची वारी असते. असायलाच हवी. पण ज्यांचा हिवाळी हंगाम पक्ष्यांवर चालतो त्या नावाड्याचा, खानावळवाल्याचा, पक्षी दाखवणाऱ्या पोराचा तिथे आवाज नसतो. पाणथळ म्हणून मान्यता असती तर किमान व्यवस्थापन आराखडा तरी करावा लागला असता. मग कोणत्या महिन्यात कोणत्या वेगाने पातळी उतरावी हा प्रश्न कागदावर आला असता.

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने त्यांच्या व्याख्येचा नवा मसुदा पुढे केला. सलग जोड मोजताना पावसाळी हंगामातलं पाणी धरायचं, अशी त्यात कल्पना आहे. तिथले पर्यावरणवादी त्यावर चिडले आहेत. शिवाय अनेक प्रदेशांत ओला हंगाम म्हणजे नक्की कोणता हेच सांगणं अवघड आहे. उजनीला ही कसोटी लावली तर उलटंच होईल. आमची पाणथळ जिवंत होते ती पाणी ओसरल्यावर, कोरड्या महिन्यांत. एका देशाची कसोटी उचलून दुसरीकडे लावता येत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता पुण्याकडे वळू, कारण वळल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुळा-मुठेचं पाणी भीमेत येतं आणि भीमेचं उजनीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचं सांडपाणी, त्यातलं शुद्ध न झालेलंही, याच वाटेने येतं. डिकसळच्या पुलाजवळ काही महिने पाणी हिरवंगार असतं. त्याला वास येतो, कडेला जलपर्णी दाटते. मासळी मरून तरंगली की दोन दिवस बातमी येते. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४चा आहे, अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्याच्या दोनच वर्षं नंतरचा. म्हणजे कायदा नव्हता असं म्हणायला जागा नाही. पण २०१७चे नियम ज्या पाणथळीला लागू होतात तिच्यात शुद्ध न केलेलं सांडपाणी सोडायला थेट मनाई आहे. घनकचरा टाकायला, अतिक्रमणाला, नवे उद्योग उभारायला मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांत कायमचं बांधकाम करायला मनाई आहे. हे सगळं उजनीला लागू झालं, तर पहिली नोटीस भिगवणच्या मच्छीमाराला नाही, वरच्या महापालिकांना जाईल. या वगळण्याचा फायदा कुणाला होतो, हे यावरून कुणालाही कळावं.

महापालिका कशा वागतात याचं अमेरिकी उदाहरण ताजं आहे. सॅन फ्रान्सिस्को हे पर्यावरणाचा अभिमान मिरवणारं शहर. त्याच शहराने सांडपाण्याच्या परवान्यातल्या अटींवरून पर्यावरण संस्थेला सर्वोच्च न्यायालयात खेचलं. ४ मार्च २०२५ रोजी, पुन्हा पाच विरुद्ध चार, शहर जिंकलं. ‘पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये’ एवढी मोघम अट परवान्यात घालता येणार नाही, काय करायचं ते नेमकं सांगा, असं न्यायालय म्हणालं. निकालामुळे समुद्राचं भलं होईल असं मला वाटत नाही. त्यातून आपण उचलायचा धडा मात्र उपयोगाचा आहे. पुण्याचे नाले, पिंपरीचे नाले, कोणता नाला कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या केंद्राला जोडला जाईल, हे नेमकं लिहून घ्यायला हवं. ‘नदी स्वच्छ करू’ ही घोषणा आहे, अट नाही.

मग अभयारण्यच का करून टाकू नये? पाट्यांवर, संकेतस्थळांवर, पर्यटकांच्या तोंडी ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ असतंच. राजपत्रात ते नाही. आणि गावकऱ्यांना अभयारण्य हा शब्द ऐकला की धडकी भरते, याला सबळ कारण आहे. उजनीच्या पलीकडच्या काठावर करमाळा. १९७९मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुक्यांतली गावंच्या गावं आत घेऊन. जमीन विकता येईना, घर बांधता येईना, कर्ज मिळेना. पुढे ते खूप लहान करावं लागलं. माळढोक वाचला नाही आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल राग तेवढा उरला. ज्यांच्या आजोबांची जमीन धरणात गेली, त्यांना नातवाच्या पिढीत पुन्हा ‘इथून उठा’ असं सांगणारा कायदा मी मागणार नाही.

गाळपेर जमिनीचा प्रश्न इथेच येतो. पाणी उतरलं की जो गाळाचा पट्टा उघडा पडतो, तो सरकारचा असतो आणि धरणग्रस्त तो करतात. त्यावर ज्वारी, हरभरा, कलिंगड निघतं. हिमाचल प्रदेशातल्या पोंग धरणाचा जलाशय २००२पासून रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराच्या यादीत आहे. सिंचनाचाच जलाशय आणि तिथेही पट्टकादंब हजारोंनी येतात. पण पोंग अभयारण्यही आहे, म्हणून उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेतीला बंदी आहे, आणि तिथे विस्थापित शेतकरी आणि पक्षीप्रेमी यांच्यात वर्षानुवर्षं तेढ आहे. ते इथे आणायचं नाही.

आता नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरीवरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामुळे तयार झालेली पाणथळ. तीही मानवनिर्मित. २०२०च्या जानेवारीत महाराष्ट्राची पहिली रामसर जागा म्हणून ती जाहीर झाली. रामसर करार १९७१चा, आणि कृत्रिम पाणथळ त्याला चालते. २०१७चे नियम रामसर यादीतल्या जागांना थेट लागू होतात. म्हणजे व्याख्येतल्या वगळण्यातून बाहेर पडायची वाट नियमांतच आहे. महाराष्ट्राने ती उजनीसाठी धरलेली नाही. लोणार झालं, ठाण्याची खाडी झाली. उजनी राहिली.

दुसरी वाट वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आली. संवर्धन राखीव क्षेत्र. ते सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून, लोकांच्या हक्कांना हात न लावता जाहीर करता येतं. त्याच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यावाच लागतो. उजनीचं संपादित क्षेत्र सरकारचंच आहे. मच्छीमारी चालू राहील, गाळपेर चालू राहील, आणि वाळूउपसा करणाऱ्या बोटींविरुद्ध गावाला बसायला खुर्ची मिळेल. आज महसूल खातं अधूनमधून छापा घालतं, चार बोटी जिलेटिनने उडवतं, आठवड्याने नव्या बोटी उतरतात. पात्राचा तळ खरवडला जातो आणि उथळ पाण्याचे पट्टे जातात. रोहितांचं ताट तिथेच मोडतं.

अभयारण्याने सगळं सुटतं असंही कुणी समजू नये. जायकवाडीचा नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यावर तरंगता सौरप्रकल्प येतो आहे. त्याविरुद्ध मच्छीमारांच्या बाजूने गेलेली याचिका मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. वीज हवी आहे, मान्य. पण ज्यांचं जाळं त्या पाण्यावर चालतं त्यांच्याशी आधी बोलणं ही कायद्याची अट असायला हवी, कंपनीच्या चांगुलपणाची बाब नव्हे.

तिसरी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती कोलोरॅडोने दाखवली. सॅकेट निकालाने केंद्राचं छत्र काढून घेतल्यावर त्या राज्याने एक वर्ष आणि चार दिवसांत, २९ मे २०२४ रोजी, स्वतःचा कायदा केला. केंद्राने वगळलेल्या पाणथळींचं संरक्षण राज्याने स्वतःकडे घेतलं. असं करणारं ते पहिलं राज्य. संघराज्य ते हेच. केंद्राने हात काढला तर राज्याने हात पुढे करायचा. आपल्या घटनेत पाणी राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर आहे. वन्यजीव १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहेत. धरण राज्याचं, जमीन राज्याची, जलसंपदा खातं राज्याचं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सिंचनाच्या जलाशयांतल्या पाणथळींसाठी कायदा करायला कुणी अडवलेलं नाही. उजनी, जायकवाडी, आणि अशी कितीतरी धरणं, जिथे पक्षी आणि मच्छीमार एकाच पाण्यावर जगतात, ती सगळी त्यात येतील.

कायदा कुठल्या शब्दांत असावा, याचा पहिला मसुदा मुंबईतून येऊ नये. भिगवण, तक्रारवाडी, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, भादलवाडी यांच्या ग्रामसभांनी ठराव करावेत. ठरावात मोघम काही नको. सुधारित नकाशाच्या पडताळणीत उजनीचा फुगवटा आणि भादलवाडीचा तलाव पाणथळ म्हणून नोंदवला की नाही, ते जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी सांगावं. नोंदवला नसेल तर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, कोणतं कारण लिहून वगळला, तेही सांगावं. रामसरसाठी प्रस्ताव राज्याने पाठवावा आणि त्यात मच्छीमारी आणि गाळपेर यांचे हक्क नावानिशी लिहिलेले असावेत. कालवा सल्लागार समितीत मच्छीमार संस्थांचा एक आणि काठावरच्या गावांचा एक प्रतिनिधी घ्यावा. वाळूच्या बोटींवरची कारवाई दर महिन्याला गावाच्या फलकावर लागावी. आणि पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी नाल्यांची यादी तारखांसह इंदापूरच्या तहसील कार्यालयात दरवर्षी ३१ मार्चपूर्वी द्यावी, उन्हाळ्यात पाणी उतरून त्यांचं सांडपाणी दाट व्हायच्या आधी.